दाराबाहेरची दोरी

विश्वास ठेवा, असं मी म्हणणार नाही. ज्याला खोटं वाटेल त्याने बाळापूरला यावं आणि माझ्या मामेबहिणीचा, वर्षालीचा, उजवा हात बघून जावं.

हे रात्री घडलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी, मे महिन्यात, भर दुपारी घडलं. अकोल्याकडची मेमधली दुपार ज्यांनी काढली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. बाहेर कुत्रंसुद्धा दिसत नाही.

बाळापूरच्या अलीकडे मळ्यात त्यांचं घर. वर्षाली, तिचा नवरा जीवन, सासू बेबीताई आणि तीन वर्षांची प्रतीक्षा. कारली-दोडक्यांचे मांडव, त्यावरच संसार. घर नवं बांधलं, पण पुढचं दार जीवनने जुनं आणलं. अकोल्यात कुणाचं तरी घर पाडत होते, तिथलं सागवानी दार लाकडाच्या व्यापाऱ्याकडे स्वस्तात मिळालं. लॅचसकट.

त्या लॅचने सगळ्यांचा जीव नकोसा केला. दार लोटलं गेलं की तो आपोआप बसायचा, आणि किल्ली आत राहिली की बसा बाहेर. वर्षाली तर किल्ली विसरण्यात पटाईत. एकदा कणकेचे हात घेऊन ती ओट्यावर ताटकळली. एकदा बेबीताई ओल्या केसांनी. जीवनने तेल घातलं, चावीवाल्याला आणलं. तो म्हणाला, लॅचमध्ये काही खोट नाही.

पण वारा नसतानाही दार लागायचं.

शेवटी वर्षालीनेच तोड काढली. वेल मांडवाला बांधायची बारीक नायलॉनची दोरी घेतली, लॅचच्या आतल्या खटक्याला बांधली, दाराला ज्वारीच्या दाण्याएवढं भोक पाडलं आणि टोक बाहेर सोडलं. बाहेरून ओढलं की दार उघडायचं.

"चोराले बी सोय करून ठेवली तू," बेबीताई म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून त्याही तीच दोरी ओढून घरात येऊ लागल्या.

मग ती दुपार आली.

बेबीताई लग्नाला पातूरला गेल्या होत्या. जीवन दूर मांडवात कुऱ्हाडीने खांब तासत होता. प्रतीक्षा कूलरसमोर झोपली होती, गॅसवर दूध होतं. अंगणात बाजेवर कुरडया वाळत घातल्या होत्या, त्या उलटून येते म्हणून वर्षाली बाहेर आली.

मागे आवाज झाला...

खट्.

ती घाबरली नाही. दोरी होतीच की.

पण दोरी नेहमी गुडघ्यापर्यंत लोंबायची. आता ती वीतभरच उरली होती.

वर्षाली बघत असतानाच ती आणखी थोडी आत गेली...

"प्रतीक्षा, सोड बरं ते दोरी. आई बाहेर हाय."

आतून कूलरची घरघर तेवढी येत होती.

मग तीही थांबली.

वर्षालीला गॅसवरचं दूध आठवलं. दूध उतू गेलं की ज्योत विझणार. दारं-खिडक्या बंद, घरभर गॅस, आणि आत एकटं लेकरू. तिने दोरीचं टोक पकडलं. वेलाची दोरी ताणताना हे लोक बोटाला दोन वेढे देतात, म्हणजे दोरी सुटत नाही. हातांना सवयच तशी. तिने तसेच वेढे दिले आणि ओढलं.

लॅच हलला नाही.

आणि आतून ओढ आली.

तीन वर्षांच्या पोरीची नव्हती ती. वर्षालीचं कपाळ दारावर आपटलं. पुन्हा ओढ. पुन्हा कपाळ. कपाळावरचं रक्त डोळ्यात आलं. तिने वेढे सोडवायला दुसरा हात घातला, पण दोरी मांसात रुतली होती. "जीवन," एवढीच हाक तिने मारली. तिसऱ्या ओढीला दुखलं नाही म्हणते ती. फक्त आवाज आला...

खट्.

दोरी आत गेली. मधल्या बोटाचं पेर जागेवर नव्हतं.

जीवन कुऱ्हाड घेऊनच धावत आला. तिचा हात बघून तो पांढरा पडला.

"माह्या हाताचं सोड, पोरगी अंदर हाय. गॅस चालू हाय."

"बाजूले हो."

त्याने घाव घातला. दार हादरलं. दुसरा घाव घालायला त्याने हात उचलला, तेवढ्यात...

आतून त्याच जागेवर घाव बसला.

जीवन वेड्यासारखा मारत सुटला. बाहेरून एक, आतून एक. रंगाचे पोपडे उडाले, खाली खाचा बुजवायला भरलेली लांबी निखळली. तिच्याखाली जुने घाव होते. कुऱ्हाडीचे. बाहेरच्या बाजूने. हे दार कुणीतरी आधीही असंच तोडलं होतं.

फळी फुटली. आतले घाव थांबले.

गॅसची नळी उपटलेली होती, वासाने डोकं भणभणलं. घरातली बाज उलटी, कूलर आडवा, भांडी चेचलेली. प्रतीक्षा धान्याच्या कोठीमागे बसली होती. अंगावर एक ओरखडा नाही, डोळ्यात पाणी नाही. जीवनने तिला उचलून अंगणात आणलं.

"आई, म्या नाई ओढली."

"मंग कोनं ओढली?"

पोरीने फुटक्या दाराकडे बोट दाखवलं.

दोरी लॅचच्या खटक्याला घट्ट गुंडाळलेली होती, रक्ताने ओली. बोटाचं पेर बाहेर सापडलं नाही. आतही नाही. आणि भोक तर ज्वारीच्या दाण्याएवढं.

बेबीताईंनी दार जाळून टाकायला सांगितलं होतं. वर्षाली दवाखान्यातून परतली तेव्हा ते घरात नव्हतं. जीवनने कबूल केलं, पण पुष्कळ दिवसांनी.

"सागाचं होतं वो. जाळाले हात नाई झाला. त्याच व्यापाऱ्याले वापस केलं. त्यानं लांबी भरून देऊन टाकलं कोणाले तरी."

कुणाला, ते व्यापाऱ्याला आठवत नाही. वर्षालीने दोनदा जाऊन विचारलं.

आता त्यांच्या दाराला साधी कडी आहे. प्रतीक्षा शाळेत जाते. सगळं ठीक आहे म्हणायचं.

पण कधीकधी भर दुपारी भाजी निवडताना वर्षालीचा उजवा हात एकदम ताणला जातो. बोटाचं जे पेर नाहीच, ते कुणीतरी ओढतं. ती प्रतीक्षाला जवळ घेऊन बसते...

कारण तिला माहीत असतं. ते दार कुठंतरी आत्ताच लागलं आहे, आणि कुणीतरी बाहेर उभं आहे.