टी. नगरची बिनसुईची पट्टी

"ही तिसरी बाटली!" कीर्ती ओरडली. "संयुक्ता, आपण अजून फाटकाबाहेरही पडलो नाही!"

"उकडतंय की!" संयुक्ताने तोंड पुसलं आणि रिकामी बाटली रम्याच्या हातात कोंबली. "भर ना गं. वाटेत लागेल."

उकडत होतं हे खरंच. मे महिना, त्यात चेन्नई. अड्यारच्या त्या सोसायटीत सकाळी नऊलाच जिन्याचा लोखंडी कठडा हाताला चटका देत होता. पण शार्दूलला तेवढं पटेना. तो तेरा वर्षांचा, कीर्तीचा मोठा भाऊ. बाबांची बँकेतली बदली झाली म्हणून दोघं वर्षभरापूर्वी साताऱ्याहून इथे आली होती, आणि शेजारच्या दारातली, घरी तंजावरी मराठी बोलणारी संयुक्ता पहिल्याच आठवड्यात त्यांची मैत्रीण झाली होती. ऊन सगळ्यांनाच लागत होतं. मग पाणी एकट्या संयुक्तालाच का लागत होतं?

"आणि सकाळपासून पाच वेळा बाथरूम," रम्या हळूच म्हणाली. रम्या ही संयुक्ताची आतेबहीण, सुटीसाठी तंजावरहून आलेली. "मी मोजलं."

तेवढ्यात संयुक्ताचे अप्पा, गिरीधरराव, रिक्षा घेऊन आले. "चला, चला! टी. नगरला जाऊन येऊं. चंद्रिका मॅडमनी दहाला बोलावलंय!"

संयुक्ताला सहा महिन्यांपूर्वी मधुमेह झाला होता, लहान मुलांना होतो तो. तिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नसे, म्हणून दिवसातून चार वेळा ते टोचून घ्यावं लागे. आणि संयुक्ता सुईला भयंकर घाबरायची! इन्सुलिनच्या पेनाचं टोपण काढल्याचा 'टक्' आवाज आला तरी ती पांढरीफटक पडायची. तिची आई, सरोजाबाई, कशीबशी समजूत घालून टोचायची. पण रेल्वेच्या प्रशिक्षणासाठी आई शुक्रवारी तिरुचीला गेली आणि ते काम अप्पांवर आलं. लेक रडायला लागली की अप्पांचेच हात थरथरायचे. शनिवारी त्यांनी टी. नगरमधलं एक केंद्र शोधून काढलं. तिथे इन्सुलिनची पट्टी मिळत होती! दंडावर चिकटवायची, बस्स. सुई नाही, रक्त नाही. सरोजाबाई परत आल्या की त्यांना चकित करायचं, म्हणून त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं.

रिक्षात संयुक्ता कीर्तीच्या खांद्यावर डोकं टेकून बसली. तिच्या श्वासाला वेगळाच वास येत होता, फार पिकलेल्या फळासारखा.

"तू काय खाल्लंस गं?" कीर्तीने विचारलं.

"काहीच नाही. पोटात दुखतंय." तिने कीर्तीचा हात घट्ट धरला. "पण अप्पाला सांगायचं नाही! कुणालाच नाही. शपथ घे! सांगितलंस तर मला पुन्हा टोचतील."

कीर्तीने शपथ घेतली. घेताना तिला स्वतःलाच बरं वाटलं नाही.

*

केंद्र एका साड्यांच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर होतं. खाली नुसती झुंबड, गाडीवर तिखटमीठ लावून विकायला ठेवलेल्या काकड्या, बसचे भोंगे. वर मात्र एकदम शांत. पांढरा कोट घातलेल्या चंद्रिका मॅडम फार गोड बोलत.

"या, या, माझी शूर मुलगी!" त्यांनी चिमट्यासारखं एक यंत्र संयुक्ताच्या बोटाला लावलं. टिंग! "एकशे अठरा. रक्तातली साखर अगदी उत्तम!"

"शनिवारीही एकशे अठरा होती!" अप्पांचा चेहरा फुलला.

"आणि आजही एकशे अठराच," मॅडम हसल्या. "आमची पट्टी साखर हलू देत नाही. तुमचा तो जुना टोचायचा मीटर आणि पेनं आमच्याकडेच राहू देत. घरी ठेवली की मुलं घाबरतात. या, नवीन पट्ट्या देते."

मॅडम आणि अप्पा आतल्या खोलीत गेले. यंत्र टेबलावरच राहिलं होतं.

शार्दूलने ते पटकन स्वतःच्या बोटाला लावलं. टिंग! एकशे अठरा.

"मी आत्ताच उसाचा रस प्यायलोय," तो पुटपुटला. "कीर्ती, बोट दे."

टिंग! एकशे अठरा. रम्याचीही तेवढीच.

 मग रम्याने हातातल्या कागदाच्या पुडीतून काकडीची एक लांब फोड काढली. "हिला लाव."

"काकडीला?"

"लाव म्हटलें ना!"

शार्दूलने आईचा जुना मोबाइल कीर्तीच्या हातात दिला. "तू शूटिंग कर." त्याने चिमट्यात काकडी धरली. टिंग!

एकशे अठरा.

एरवी सगळी खो खो हसली असती. पण कुणीच हसलं नाही.  यंत्र खोटं असेल, तर पट्टी? आणि पट्टी खोटी असेल, तर संयुक्ताच्या अंगात शनिवारपासून इन्सुलिनचा एक थेंबही गेलेला नव्हता. आज मंगळवार होता!

"काय चाललंय इथे?"

चंद्रिका मॅडम दारात उभ्या होत्या. हसू कुठल्या कुठे गेलं होतं. त्यांनी झटकन पुढे येऊन शार्दूलचं मनगट पकडलं. त्यांची नखं त्याच्या कातडीत रुतली. कीर्तीने मोबाइल फ्रॉकच्या खिशात सरकवला.

"गिरीधरकाका!" शार्दूल ओरडला. "हे यंत्र खोटं आहे! काकडीची साखरसुद्धा एकशे अठरा दाखवतंय!"

"अय्यो, लहान मुलं!" मॅडमचा आवाज क्षणात पुन्हा मधाळ झाला. "यंत्रात शेवटचा आकडा राहतोच हो. इतकं महागाचं यंत्र, आणि ही काकड्या कोंबतायत!"

"शार्दूल!" अप्पा लालबुंद झाले. "लाज वाटत नाही? माझी मुलगी तीन दिवस रडली नाही, तीन दिवस! आणि तुम्हांला खेळ सुचतात?"

"पण मामा..." रम्याने तोंड उघडलं.

"एक अक्षर बोलायचं नाही!"

*

अप्पांनी सगळ्यांना घरी सोडलं आणि ते तडक गिंडीला त्यांच्या वर्कशॉपमध्ये गेले. तातडीची ऑर्डर होती. जेवण डब्यांत भरून ठेवलं होतं, पण जेवायचं कुणाला सुचत होतं?

साडेबाराला संयुक्ताला उलटी झाली. मग दुसरी. ती पलंगावर आडवी झाली आणि विचित्र श्वास घ्यायला लागली, खोल खोल, जणू तीन जिने धावत चढून आली होती. ओठ कोरडे पडले होते. तो पिकल्या फळाचा वास आता खोलीभर भरला होता.

शार्दूलने अप्पांना फोन लावला. एकदा. दोनदा. पाच वेळा. लेथ मशिनच्या आवाजात घंटी कुणाला ऐकू जाणार! सरोजाबाईंचा फोन तर प्रशिक्षणाच्या वर्गात बंदच होता. शार्दूलचे आईबाबा ऑफिसात होते. बाबा म्हणाले, "निघालोच!" पण त्यांनाही तास लागणार होता.

"कुणाला सांगू नका," संयुक्ता अडखळत म्हणाली. "सुई नको... कीर्ती, शपथ घेतलीयस तू..."

कीर्तीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. शपथ मोडली तर संयुक्ता पुन्हा कधी बोलणार नाही. आणि नाही मोडली तर? तिने मैत्रिणीच्या त्या वरखाली होणाऱ्या छातीकडे पाहिलं.

"मी मोडतेय शपथ!" ती म्हणाली आणि अनवाणीच धावत सुटली.

तळमजल्यावर बालाजीराव राहत. सत्तरीचे, कडक, दुपारी बेल वाजवली तर अंगावर ओरडणारे. पण त्यांनाही मधुमेह होता आणि त्यांच्याकडे खरा मीटर होता. कीर्तीने बेल वाजवली नाही, दारावर मुठीच आपटल्या.

"कोण मेलं आहे!" बालाजीरावांनी दार उघडलं. कीर्तीचा चेहरा बघून ते पुढचं बोललेच नाहीत. मीटरची पिशवी घेऊन ते धापा टाकत वर आले.

त्यांनी संयुक्ताचं बोट हातात घेतलं, लहानशी सुई टोचली. एरवी घर डोक्यावर घेणाऱ्या संयुक्ताने हात मागेसुद्धा घेतला नाही! सगळ्यांत जास्त भीती वाटली ती त्याचीच.

मीटरवर आकडा आला नाही. दोन इंग्रजी अक्षरं उमटली: HI.

"हे 'हाय' म्हणतंय," कीर्ती गोंधळून म्हणाली.

"नमस्कार नाही करत ते, पोरी." बालाजीराव म्हणाले. "साखर इतकी वाढलीय की यंत्राला मोजता येत नाही. शार्दूल, रुग्णवाहिकेसाठी एकशे आठला फोन लाव! पत्ता नीट सांग. रम्या, तिच्या दंडावरची ती पट्टी काढ, पण टाकू नकोस, पिशवीत घाल!"

शार्दूलने फोन लावला.  "बारा वर्षांची मुलगी... मधुमेह आहे... तीन दिवस इन्सुलिन नाही... श्वास जोरात चाललाय... लवकर या!"

रुग्णवाहिका यायला चौदा मिनिटं लागली. रम्या संयुक्ताचं कपाळ ओल्या फडक्याने पुसत होती आणि सारखी तिला हाका मारत होती. "संयुक्ता! डोळे उघड! माझ्याकडे बघ!" एकदा तर तिने डोळे उघडलेच नाहीत. रम्या किंचाळली. मग पापण्या जराशा हलल्या.

*

रुग्णालयात डॉ. विद्युलता नावाच्या बाई होत्या, मूळच्या नागपूरच्या. त्यांनी श्वासाचा वास घेतला, बालाजीरावांकडून सगळं ऐकलं आणि संयुक्ताला थेट अतिदक्षता विभागात नेलं. काचेचं दार बंद झालं.

वर्कशॉपच्या राखणदाराला गाठून बालाजीरावांनी अप्पांना निरोप पोचवला होता. अप्पा आले ते तेलाने माखलेल्या हातांनीच, धावत.

"सकाळीच एकशे अठरा होती हो!" ते परत परत म्हणत होते.

कीर्तीने मोबाइल पुढे केला. काकडी. टिंग. एकशे अठरा.

अप्पा बाकावर बसले आणि त्यांनी तोंड ओंजळीत लपवलं. मोठ्या माणसाला असं रडताना मुलांनी कधी पाहिलं नव्हतं.

साडेपाचला डॉक्टर बाहेर आल्या. "इन्सुलिन आणि सलाईन चालू आहे. धोका अजून पूर्ण टळलेला नाही, पण ती प्रतिसाद देतेय. आणखी दोन-तीन तास घरीच राहिली असती, तर..." 

अप्पा ताडकन उठले. "मी जातों त्या बाईकडे! आत्ता!"

"नका जाऊ काका!" शार्दूल आडवा आला. "तुम्ही भांडलात की ती सगळं गुंडाळून पळेल. आणि उद्या आणखी कुणीतरी तिथे जाईल."

दुसऱ्या दिवशी डॉ. विद्युलतांनी औषध निरीक्षकांना बोलावलं. त्यांनी व्हिडिओ बघितला, पिशवीतली पट्टी घेतली. "आम्ही गेल्यावर ती बाई सापडली पाहिजे, मालासकट," ते म्हणाले.

"ते माझ्यावर सोडा," रम्या म्हणाली. तिने केंद्रात फोन लावला आणि अस्सल तंजावरी तमिळमध्ये, मोठ्या बाईसारखा आवाज काढून बोलली. आमच्या गावात सुईला घाबरणारे वीस जण आहेत, चार वाजता येतो, वीस खोकी तयार ठेवा! 

चार वाजता चंद्रिका मॅडम वीस खोकी टेबलावर रचून वाट बघत बसल्या होत्या. दार उघडलं आणि आत आले निरीक्षक आणि पोलीस! मागच्या खोलीत लोकांकडून काढून घेतलेले मीटर आणि पेनं यांची तीन पोती भरलेली निघाली. ती बाई डॉक्टर नव्हतीच. पट्टीत होता नुसता पुदिन्याच्या वासाचा गारेगार जेल. तिच्या गिऱ्हाइकांच्या वहीतल्या नंबरांवर संध्याकाळपर्यंत फोन गेले. त्यांतल्या दोघांना लगेच रुग्णालयात आणावं लागलं. दोघेही वाचले.

*

चौथ्या दिवशी संयुक्ता उशीला टेकून बसली होती. तिरुचीहून रातोरात आलेली आई तिचा हात सोडतच नव्हती. कीर्ती दारातच घुटमळली.

"शपथ मोडलीस," संयुक्ता म्हणाली.

"हो."

"बरं केलंस की!" आणि दोघी गळ्यात पडल्या.

डॉ. विद्युलता खुर्ची ओढून बसल्या. "सुईची भीती वाटणं हा काही गुन्हा नाही. मोठ्यांनाही वाटते. पण ती लपवू नकोस, मला सांग. बिनसुईचे खरे उपाय आहेत." त्यांनी जाड पेनासारखं एक उपकरण दाखवलं. "यात सुई नसते. इन्सुलिनची बारीक धार जोरात कातडीतून आत जाते. जरा चुरचुरतं, कधी वळ उठतो, आणि मात्रा ठरवायला सुरुवातीला सारखी तपासणी लागते. श्वासातून ओढायचं इन्सुलिनही निघालंय, पण ते मोठ्या माणसांसाठी, आणि त्यांनाही दिवसभर पुरणारं इन्सुलिन टोचावंच लागतं. खरी पट्टी अजून प्रयोगशाळेतच आहे."

"म्हणजे सुई पूर्ण जाणार नाही?" संयुक्ताने विचारलं.

"आज तरी नाही. जेवणाआधीचं या उपकरणाने बघू. रात्रीचं मात्र सुईने, अगदी चार मिलिमीटरची. आधी बर्फ लावून."

"मीच शिकवलं असतं हे सगळं, नुसतं विचारलं असतंत तर," आई अप्पांना म्हणाली. अप्पांनी मान खाली घातली. मग ते मुलांकडे वळले.

"त्या दिवशी मी तुम्हांला गप्प बसवलें," ते हात जोडून म्हणाले. "तुम्ही गप्प बसलां नाहीत, म्हणून माझी लेक आहे."

"मी तर दारच उघडणार नव्हतो," बालाजीराव खाकरले. "पण या पोरीने दार मोडलं असतं! आता माझी बेल दुपारीसुद्धा वाजवायची. हुकूम आहे माझा!"

परिचारिका ट्रे घेऊन आली. जेवणाची वेळ झाली होती. डॉक्टरांनी मात्रा लावून ते उपकरण संयुक्ताच्या पोटाजवळ टेकवलं.

"थांबा!" ती ओरडली. सगळे थांबले. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिने डोळे मिटले, उघडले, आणि उपकरण स्वतःच्या हातात घेतलं.

"भीती वाटतेय," ती म्हणाली. "खूप वाटतेय. पण मीच दाबते."

फट्!

"आई गं! चुरचुरलं!" संयुक्ता म्हणाली, आणि डोळे पुसत तिने ताट पुढे ओढलं.