अर्धा कोयता

केजच्या कॉलेजात ग्रंथपाल होतो तेव्हापासून थापाड्या म्हणून माझं नाव आहे. पण संदर्भ तपासताना थाप चालत नाही, हे पोरांना ठाऊक. म्हणून तर निवृत्तीनंतरही नांदूरघाटची वर्षाराणी लॅपटॉप घेऊन माझ्या ओसरीवर आली. प्रबंध ऊसतोड बायकांवर. एका लेखाचा नुसता उल्लेख कुठंतरी सापडला होता, आणि गाईड म्हणाले होते, मूळ लेख दाखव, नाहीतर प्रकरण काढून टाक.

लेख सापडला. नाव ‘अर्धा कोयता’. आमच्याकडं तोडीला जाणारी नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटं माणूस म्हणजे अर्धा. नियतकालिक मान्य यादीत होतं, लिंक उघडत होती, पानं जुळत होती. फक्त अंक पुढच्या वर्षीचा होता. आणि लेखिकेचं नाव वर्षाराणी अजिनाथ.

“तुझ्या नावाची दुसरी असंल,” मी म्हणालो.

“बापाच्याबी नावाची, काका?”

खात्री करायला मी लेखिकेच्या छापील पत्त्यावर मेल टाकली. वर्षाराणीच्या हातातला मोबाइल वाजला.

वर अर्पणाची ओळ होती : ‘फडात अर्धा झालेल्या आमच्या कोयत्याला.’ तिथंच तिनं लॅपटॉप मिटला. आईबाप कर्नाटकात तोडीला गेलते. तिनं फोन लावला.

“आई, निघून ये.”

“कावून? मी आले तर तुझ्या बापाचा अर्धा कोयता व्हईल, येडे.”

आम्ही एकमेकांकडं बघितलं. होऊ दे की! लेखही खरा ठरेल, आईही शाबूत. असली पळवाट मला लगेच दिसते. वर्षाराणीचा चेहरा उजळला.

“मी लई आजारी हाय,” ती फोनवर म्हणाली.

वत्सलाबाई आली ती पोरीला शोधत थेट माझ्या ओसरीवर. “कुठं दुखतंय गं तुला?” म्हणून तिनं धपाटा घातला आणि चहा घेत बसली.

वर्षाराणीनं लेख पुन्हा उघडला, या वेळी शेवटपर्यंत. तळाशी परीक्षकाचा शेरा छापला होता.

‘अर्धा राहिला म्हणजे कोण राहिलं, ते लेखिकेने स्पष्ट करावे.’

तिनं बापाला फोन लावला. रिंग जात राहिली.

“एकटाच मोळ्या वाहतोय,” वत्सलाबाई बशीत फुंकर घालत म्हणाली. “उचलंल कसा?”

शेऱ्याखाली लेखिकेचं उत्तर होतं.

‘आई. मी तिला खोटं सांगून बोलावून घेतलं होतं.’