झेंडा पडला तेव्हा

त्याने दोन स्टॉपवॉच उत्तराच्या टेबलावर जवळजवळ आपटलीच.

"यातलं एक खोटं बोलतंय," तो म्हणाला. "कुठलं ते सांगा, म्हणजे त्याला घरी पाठवतो."

उत्तराने मान वर केली. मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या प्रयोगशाळेत दाबमापक, तापमापक, घड्याळं तपासून घ्यायला कारखान्यांची माणसं येत. पण ती इस्त्रीच्या शर्टात येत, कोपरापर्यंत ऑइल माखून नाही. हा समोरच्या गल्लीतल्या गॅरेजचा असावा. केस विस्कटलेले, आणि डोळे... डोळ्यांकडे बघायचं काही कारण नव्हतं. तिने घड्याळं उचलली आणि प्रमाण घड्याळाशी ताडून पाहायला सुरुवात केली.

"दोन्ही खोटी आहेत," शेवटी ती म्हणाली. "एक पुढे पळतं, एक रेंगाळतं."

"वाट लागली! म्हणजे महिनाभर मी जी गाडी सुधारतोय, ती सुधारली की बिघडली, कळायचं कसं?"

"ते मला काय विचारता?"

"मग कुणाला विचारू? खरं घड्याळ तर तुमच्याकडे आहे." आणि तो असा हसला, की उत्तराने वहीत त्या दिवसाची तारीख चुकीची लिहिली.

त्याचं नाव जयवंत. वडील लालबागच्या गिरणीत होते. संपात गिरणी बंद पडली आणि ते देवगडला परत गेले. जयवंतने ऑटोमोबाइलचा डिप्लोमा केला आणि नंदू नावाच्या मित्राबरोबर मरोळला गॅरेज टाकलं. पुढच्या आठवड्यात तो नवं घड्याळ तपासायला आला. त्याच्या पुढच्या आठवड्यात तेच घड्याळ पुन्हा घेऊन आला.

"हे बरोबर आहे, असं मी मागच्या वेळीच सांगितलं होतं," उत्तरा म्हणाली.

"हो, पण आठवड्यात माणसं बदलतात, हे तर घड्याळ आहे..."

उत्तरा हसली नाही. मात्र संध्याकाळी बसस्टॉपला जाताना तिने गॅरेजवरून जाणारा लांबचा रस्ता धरला.

तिथे त्या दोन गाड्या उभ्या होत्या. दोन्ही घाटकोपरच्या चंद्रप्रकाश शेठच्या. एक इटलीहून आणलेली, पिवळीजर्द, दोन दारांची, जमिनीला इतकी चिकटलेली की गॅरेजचा उंबरठा ओलांडायला तिच्याखाली फळ्या टाकाव्या लागत. दुसरी जुनी जर्मन सेडान. राखाडी, चार दारांची, आत सोफ्यासारख्या गाद्या. कुठल्याशा वकिलातीच्या लिलावातून शेठने ती घेतली होती, लग्नकार्याला जायला.

"कुठली जास्त पळेल?" जयवंतने विचारलं.

"पिवळी. बघूनच कळतं."

"अहो, शास्त्र शिकलात ना? बघून काय कळतं!" त्याने सेडानचं बॉनेट उचललं. "ही पिवळी राणी फॉरेनचं उंची पेट्रोल पिणारी. आपलं पेट्रोल घातलं की हिचं इंजिन ठकठक करतं, खोकल्यासारखं. माझी म्हातारी आपलंच पेट्रोल पिते. ताकद वाढवायला हिच्या इंजिनचं हेड घासलं, कार्ब्युरेटर मोठा बसवला, सायलेन्सर मोकळा केला. आता बसा आत."

"मी?"

"घाबरलात?"

घाबरली नव्हती, पण छातीत काहीतरी ठकठकत होतं खरं. मरोळ नाक्यापर्यंतच गेले ते. परत येताना ती त्याला 'तू' म्हणाली, आणि दोघांनीही ते ऐकलं नाही असं दाखवलं.

पावसाळा सरून हवा कोरडी झाली, तेव्हा शेठनेच पैज काढली. "जयवंत, तू सुधारलेली सेडान माझ्या पिवळीच्या पुढे गेली ना, तर मद्रासला तुला रेसिंगचं गॅरेज काढून देतो. तिथे शर्यती होतात. इथे सर्व्हिसिंग करत काय सडतोस?"

जयवंतने धावत येऊन हे उत्तराला सांगितलं. "गाडीवर आपलं नाव असेल, उत्तरा. दारावर, रंगात लिहिलेलं. बाबांना दाखवीन. आणि ऐक ना, वेळ तूच मोजायचीस. तू प्रयोगशाळेतली, शेठला दुसऱ्या कुणाचं पटणार नाही."

"मी मोजली आणि तू जिंकलास, की तू जाणार."

"हो ना," तो आनंदात म्हणून गेला. मग थांबला. "म्हणजे..."

"मोजेन मी," उत्तरा म्हणाली.

त्या आठवड्यात तिचं कशात लक्ष लागेना. चहा निवायचा, डबा तसाच परत जायचा. एकदा तर तापमापक उलटा धरून तिने वाचन घेतलं. तो जिंकावा असं वाटे, आणि लगेच जिंकू नये असंही. आई म्हणाली, "अगं, बस ना एका जागी! पायाला भिंगरी लागल्यासारखी काय फिरतेस?"

रविवारी सकाळी सगळे बोरिवलीला जमले. तिथे एक नवा रस्ता बांधून तयार होता. मंत्र्यांना फीत कापायला वेळ नव्हता म्हणून तो अजून बंद. रस्ता अरुंद, दोन गाड्या शेजारी धावण्याजोगा नाही. म्हणून एकामागून एक धावायचं आणि घड्याळाने निकाल द्यायचा, असं ठरलं. या टोकाला नंदू लाल झेंडा खाली करणार, त्याच क्षणी उत्तरा घड्याळ सुरू करणार. अर्ध्या किलोमीटरवर शेठचा ड्रायव्हर दत्ताराम पांढरी चादर घेऊन उभा. गाडी त्याच्यापुढून गेली की तो चादर खाली टाकणार आणि उत्तरा घड्याळ थांबवणार.

आधी शेठ. पिवळी गाडी किंचाळली, नव्या रस्त्यावरच्या बारीक खडीत तिची चाकं क्षणभर जागच्या जागी फिरली, आणि मग ती बाणासारखी सुटली. उत्तराने वेळ लिहून घेतली.

मग जयवंत. त्याने सेडान रेषेवर आणली, काच खाली केली. उत्तरा हातभर अंतरावर उभी होती. बाह्या दुमडलेल्या, हात गिअरवर. त्याने तिच्याकडे पाहिलं. हसला नाही. नेहमी हसणारा माणूस हसला नाही, नुसता बघत राहिला... आणि तीही.

गाडी उसळली. उत्तराचा अंगठा दाबला गेला.

चादर पडली. तिने घड्याळ थांबवलं. आकडा वाचला, पुन्हा वाचला. सेडान जिंकली होती.

"झकास!" नंदू नाचायला लागला. जयवंत गाडी वळवून आला, दार उघडं टाकून धावत. शेठ खिलाडू माणूस. त्याने हात पुढे केला. "मद्रास तुझं, भाई!"

उत्तरा तिथेच उभी होती. झेंडा तिने पाहिलाच नव्हता. गाडी हलली तेव्हा तिने घड्याळ सुरू केलं होतं. झेंडा त्याआधीच पडला असणार. गप्प बसावं, त्याचं स्वप्न त्याला मिळू द्यावं? आणि बोलले तर... बोलले तर तो इथेच राहील. मग हे बोलणं खरेपणाचं की स्वार्थाचं? पण हातातला आकडा चुकीचा होता, एवढंच तिला नक्की माहीत होतं.

"ही वेळ धरू नका," ती म्हणाली. "माझं चुकलं. घड्याळ उशिरा सुरू झालं."

नंदूचे हात वरच राहिले. "अगं, मी झेंडा तुझ्या नाकासमोर खाली केला ना!"

"मी झेंड्याकडे बघत नव्हते."

"मग कुठे बघत होतीस?"

उत्तराचे कान तापले. सांगायची गरजच नव्हती, कारण तिची नजर पुन्हा जयवंतकडेच गेली होती. शेठ खोकला. नंदू म्हणाला, "अरे देवा."

जयवंत पुन्हा गाडीत जाऊन बसला. या वेळी उत्तराने त्याच्याकडे पाठ फिरवली आणि नंदूच्या हातावर डोळे रोखले. झेंडा, अंगठा, चादर, अंगठा. सेडान हरली. अर्ध्या सेकंदाहूनही कमी फरकाने, पण हरली.

"थोडक्यात हुकलं रे," शेठ म्हणाला. "सेडान संध्याकाळी घरी पोचव." पिवळी गाडी डौलात निघून गेली. नंदू "चादर आणतो" म्हणून गेला, तो मुद्दाम रमतगमत.

"राग आला?" उत्तराने विचारलं.

"आला. कुणाचा ते ठरत नाहीये."

"मी बोलले म्हणून तू राहिलास. मला सकाळपासून तेच हवं होतं, जयवंत. म्हणून मी खरं बोलले की सोयीचं बोलले, ते मलाच कळत नाही..."

तो बॉनेटला टेकला.

"पहिल्या वेळी झेंडा मलाही दिसला नाही," तो म्हणाला. "नंदू 'अरे जा ना!' म्हणून ओरडला तेव्हा मी क्लच सोडला."

"काय?"

"तू बघत होतीस. मग मी दुसरीकडे कुठे बघणार, सांग ना?"

उत्तराने मनात हिशेब मांडला, सवयच तशी. गाडी उशिरा निघाली, घड्याळही तितकंच उशिरा... "म्हणजे गाडीपुरतं ते वाचन बरोबर होतं," ती सावकाश म्हणाली. "पण शेठची वेळ झेंड्यापासून धरलेली. दोन्हींची तुलनाच होत नाही."

"मग त्या पहिल्या फेरीत जिंकलं कोण?"

"सांगता येत नाही." हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदाच तिला गोड लागलं.

"ऐक," जयवंत म्हणाला. "शेठची गाडी नाही तर माझी. वर्षभरात स्वतःची गाडी बांधतो. मग मद्रासला जाणारच. तेव्हा काय करशील?"

"येईन."

"शर्यत बघायला?"

"राहायला."

जयवंत ताडकन सरळ उभा राहिला. उत्तरा तोवर सेडानचं पुढचं दार उघडून बसलीसुद्धा.

"चल. माझं घर इथून दहा मिनिटांवर आहे. आज आई-बाबा दोघंही घरी आहेत."

"आत्ता? या शर्टात?"

"याच शर्टात. घाबरलास?"

"छे!" तो म्हणाला, स्टिअरिंगमागे बसला, किल्ली फिरवली, गिअर टाकला. इटलीच्या गाडीला घाम फोडणारी ती म्हातारी एक गचका देऊन जागच्या जागी बंद पडली.