तिसरी चूड

रडार म्हणजे काय हे मी आईला चारदा समजावलं असेल. उत्तर ध्रुवाकडच्या ढगांत उणे बारा अंशांतही पाण्याचे थेंब गोठत नाहीत. मग बर्फाचा एखादा कण त्यांची वाफ पिऊन वाढतो, जड होतो आणि खाली येतो; ते पडणं रडार टिपतं. माझा धाकटा भाऊ निलेश तिथल्या केंद्रावर रडार सांभाळतो, आलेख मी जयगडला पडवीत बसून तपासते. आई म्हणाली, ढग बघायला इतक्या लांब कशाला जायला हवं? झालं, विषय संपला.

गेल्या डिसेंबरात दुपारी केंद्रावरून फोन आला. निलेश आणि त्याचा जोडीदार रितेश रडारवरचा बर्फ झाडायला गेले आणि वादळात सापडले. चार तास पत्ता नाही. तिथे हिवाळ्यात सूर्य उगवत नाही, भर दुपारीही काळोख. रडार मात्र चालू होतं. मी आलेखाकडे बघत बसले, दुसरं करणार काय?

दिवेलागणीला आईने सुक्या झावळांची चूड पेटवली आणि खाडीवर निघाली. आमच्याकडे होडी अंधारात अडली की किनाऱ्यावरून चूड ओवाळतात, होडीतल्या प्रत्येक माणसामागे एकदा. मी चिडले. म्हटलं, अगं, सात हजार किलोमीटर आहे ते! ती थांबली नाही.

पडवीतून ती दिसत होती. चूड वर गेली, आणि आलेखातला पडणारा बर्फ थांबला.

मग वर चढला. चूड खाली आली तसा तोही उतरला. दुसऱ्यांदाही तेच. वारा बर्फ उचलतो, मान्य. पण सगळाच्या सगळा ढग असा एकदम उचलत नाही. मी यंत्राचं तापमान पाहिलं, घड्याळ पाहिलं. सगळं ठीक. खरं सांगते, भीती वाटलीच नाही. इतकं सुंदर काही मी आयुष्यात पाहिलं नव्हतं, डोळे भरून आले.

मग तिसऱ्यांदा.

आई परतल्यावर मी विचारलं, "दोघंच आहेत ना गं?"

"सवयीनं झालं," ती म्हणाली.

एकोणीस वर्षांपूर्वी बाबा होडी घेऊन गेले ते आलेच नाहीत. त्यांच्या वहाणा अजून पायरीवर असतात, कुणी हलवत नाही.

अर्ध्या तासाने निलेशचा फोन आला. दोघंही सुखरूप. बर्फात उजेड दिसला, त्या रोखाने चालत आले म्हणे. तो रडला, मीही रडले. मग त्याने आवाज हळू केला.

"ताई, दारापर्यंत पावलं तिघांची आहेत. तिसरी अनवाणी."

मी आईला सांगितलं. ती पायरीवर बसून पदराने वहाणा पुसत होती.

"इथंच राहिल्यात ना त्यांच्या," ती म्हणाली.