वाघ आत का बाहेर

बसा. लाईट दहाशिवाय येत नाही, आणि आली तरी आज टीव्ही लावायचा नाही. प्रगती, तो मोबाईल पालथा ठेव. त्या निळ्या उजेडात भूतसुद्धा यायला लाजेल. स्वराज, पुढं सरक. दाराला पाठ लावून बसलास तरी भीती काही कमी होत नाही, उलट मानेवर वारा लागतो.

आणि एक. मी थांबलो की "हूं" म्हणायचं. याला हुंकार म्हणतात. तुम्हाला टीव्हीची सवय, तुम्हाला वाटतं सांगणारा आपोआप चालतो. तसं नसतं पोरांनो. समोरून हुंकार आला तरच गोष्ट पुढं सरकते. आता हेच बघा, मल्हारीच्या बाबतीत काय झालं.

मल्हारी कोकरे, माझा लहानपणापासूनचा दोस्त. त्याच्या बापानं मेंढरं विकून शेती धरली, पण माळावर रात्र जागवायच्या गोष्टी मात्र घरात राहिल्या. त्याच तो गावोगाव सांगायचा. पुढं ढोल, मागं दोन साथीदार आणि मधे मल्हारी, घोंगडी टाकून. मी तेव्हा शिरूर डेपोला कंडक्टर. रजा असली की माझ्या राजदूतवर त्याला कार्यक्रमाला सोडायचो. गणपतीपासून दिवाळीपर्यंत त्याचा पाय घरात ठरायचा नाही. मंडळाची देवी, कुणाचं जागरण, कुणाचं बारसं. पण ऑर्केस्ट्रावाले आणि व्हिडिओवाले तालुक्यात शिरले होते आणि मल्हारीच्या पुढची माणसं दरसाल पातळ होत चालली होती. त्यामुळे मिळेल ती सुपारी तो घ्यायचा. "मानसं बसत्यात तवर सांगनार. एक बसलं तरी सांगनार," म्हणायचा. हट्टी माणूस.

तर सत्त्याण्णव साल. सातवी माळ, बुधवार. त्या रात्री गड्यानं दोन सुपाऱ्या घेतल्या. आठला इनामगावला, बाराला भीमा ओलांडून दौंडच्या अंगाला.

इनामगावचा मांडव पांढरीच्या टेकाडाखाली, गवताच्या पडीक रानात होता. हो, तेच टेकाड, जिथं पुण्याच्या लोकांनी खोदाई करून हजारो वर्षांची जुनी वस्ती काढली, घराखाली मडक्यांत पुरलेल्या लेकरांसकट. पहिल्या रांगेत अल्लाबक्षमामा. कल्हईवाले, सत्तरीचे, दम्यानं पोखरलेले. बोलताना छातीत बारीक शीळ वाजायची. पण त्यांच्यासारखा हुंकार अख्ख्या तालुक्यात नव्हता. बरोबर जागी पडायचा. मल्हारी म्हणायचा, मामा असले की मला ढोल नको.

मल्हारीनं त्या रात्री वाघाची गोष्ट मांडली. एक धनगरीण एकटी पडते आणि मेंढरं राखायला वाघालाच कामावर ठेवते. लोक हसून हसून बेजार. मग हसू थांबतं. अमावस्येची रात्र येते. बाई अंधारात मेंढरांच्या वाडग्याच्या दाराशी उभी, दाराच्या आडण्यावर हात, आणि तिला कळत नाही की वाघ आत आहे का बाहेर...

आणि मल्हारीनं घड्याळ बघितलं. दहा वाजून गेले होते.

"ऱ्हायलेली उद्या सांगतो मंडळी. पुढच्या गावाला टाइम दिलाय."

आता, मांडलेली गोष्ट त्याच रात्री पुरी उतरवायची, ही त्याच्या बापाची शिस्त. ती त्यानं मोडली. लोक कुरकुरत उठले. मामा उठले नाहीत.

"मल्हारी, पुढं काय झालं रं?"

"उद्या मामा."

"उद्याचं कुनी बघितलंय? दोन शब्दांत सांग."

"दोन शब्दांत सांगायला ती काय बातमी हाय?" मल्हारी हसला आणि माझ्या मागं बसला. मी किक मारली.

दौंडच्या अंगाला कार्यक्रम सुरू व्हायला साडेबारा झाले. चंद्र बुडाला होता. मी दमलेलो, सगळ्यांच्या मागं जाऊन बसलो. माझ्या मागं उसाचा बांध, दुसरं काही नाही. मल्हारीनं वेगळीच गोष्ट घेतली होती. एका जागी तो श्वास घ्यायला थांबला.

"हूं... पुढं?"

माझ्या पाठीमागून आलं ते. आणि त्या "हूं"बरोबर बारीक शीळ.

मी वळलो. ऊस. वारासुद्धा नव्हता.

मल्हारीचा चेहरा मला पेट्रोमॅक्सच्या उजेडात दिसला. तो माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या डोक्यावरून मागं बघत होता.

सकाळी कळलं. अल्लाबक्षमामा रात्री साडेअकराला गेले.

आम्ही मातीला गेलो. मामांची लेक खुर्शिद डोळे पुसत मल्हारीला म्हणाली, "आब्बांनी कलमा पढला. मग माझा हात धरून इचारलं, वाघ आत हाय का भायेर? मला काय ठाऊक दादा? मी म्हनलं, भायेर. ते मान हालवत ऱ्हायले. त्यांना पटलं न्हाई."



आठव्या माळेला पाबळ. तिथं हुंकार मागून आला नाही. मधून आला, बायकांच्या आणि बाप्यांच्या रांगांमधल्या मोकळ्या वाटेतून. चार-पाच जणांनी ऐकला. नवव्या माळेला केंदूर. तिथं सगळ्यांनी ऐकला. ढोलाच्या अगदी जवळ. ढोल वाजवणारा ज्योतिबा ढोल टाकून उठला आणि तसाच अंधारात पळत सुटला. मग बायका उठल्या. पोरं रडायला लागली. पाच मिनिटांत मांडव रिकामा.

मल्हारी एकटा घोंगडीवर बसून होता. आणि त्याच्या कानाशी, तो मला नंतर म्हणाला, अगदी कानाशी...

"पुढं?"

बातमीला पाय लागतात. दसऱ्याच्या दिवशी तीन गावांनी सुपारी परत घेतली. "मल्हारीच्या पाठीला मेलेला लागलाय." त्याच्यापुढं आता कुणी बसेना. ज्याचं अख्खं आयुष्य माणसांपुढं बसण्यात गेलं, त्याच्या घराच्या ओट्यावरसुद्धा माणूस टेकेना. ऑर्केस्ट्रानं जे दहा वर्षांत केलं नाही ते तीन हुंकारांनी केलं.

इनामगावानं देवऋषी बोलावला. पारावर बैठक बसली. देवऋषी म्हणाला, एक खिळा, एक लिंबू, आणि कबरीच्या उशाला ठोकायचा. परत आवाज येणार नाही.

खुर्शिद पारापर्यंत आली होती. पदर खोचून म्हणाली, "माझ्या बापाच्या मातीला कुनी हात लावून दावा."

आणि मल्हारी उठला. एवढा चिडलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता.

"खिळा कुनाला ठोकता रं? तुमी जित्ते असून माझ्या गोष्टीतनं उठून गेला. कुनी पिच्चरला, कुनी आर्केस्ट्राला. ह्यो एक मानूस मेला तरी उठला न्हाई! त्याला खिळा? चुकी माझी हाय. मी अर्ध्यावर सोडली. मी पुरी करनार."

देवऋषी हलक्या आवाजात म्हणाला, "मल्हारी, मेलेल्याचा हुंकार घेऊन गोष्ट पुरी केली, की सांगनारा जागचा उठत न्हाई. तुझ्या बापाला इचारलं असतंस तर त्यानं बी हेच सांगितलं असतं."

"मग न्हाई उठनार," मल्हारी म्हणाला. "पर अर्धी गोष्ट पोटात ठिऊन मी बी मरनार न्हाई."

कोजागिरीची रात्र धरली. तो पण बुधवारच. त्या रात्री सगळा गाव दूध आटवायला गच्चीवर, शाळेपुढं गाण्यांचा कार्यक्रम, लाऊडस्पीकर. मी त्याला राजदूतवर इनामगावच्या त्या रानापर्यंत नेलं. म्हणजे... रस्त्यावरच्या लिंबापर्यंत. पुढं माझे पाय गेले नाहीत. हसा. तुम्ही गेला असतात का?

मल्हारी एकटा गेला. काखेत घोंगडी, हातात पाण्याचा तांब्या. ढोल नाही. साथ नाही. चांदणं असं की गवताची काडी मोजावी. मांडव काढलेला होता. मोकळं रान, पलीकडं टेकाड. त्यानं पहिल्या रांगेच्या जागेकडं तोंड करून घोंगडी टाकली आणि बसला.

दहाला त्यानं सुरुवात केली. अगदी पहिल्यापासून. मला शब्द कळत नव्हते, आवाज येत होता. तो सांगायचा. थांबायचा. परत सांगायचा. थांबला की मी कान द्यायचो. काहीच नाही. रातकिडे.

अकरा. गावातली गाणी थांबली. बारा.

मग मला जाणवलं... मल्हारीचा आवाज वाढलाय. जवळच्या एका माणसाला सांगायला एवढा आवाज लागत नाही. तो लांबवर पोचवत होता. उजवीकडं वळून सांगत होता. डावीकडं वळून सांगत होता.

आणि रातकिडे गप्प झाले.

एका जागी तो थांबला. थांबूनच राहिला. मला ती जागा माहीत होती. सातव्या माळेला तो तिथं असाच थांबला होता. तिथं लोक हसतात. खूप हसतात. आणि मल्हारी, हशा ओसरायची वाट बघावी तसा, हात वर करून थांबला होता.

मला काही ऐकू येत नव्हतं.

काहीच नाही.

त्यानं हात खाली केला. पुढं सांगू लागला.

दोन वाजले. आता तो हळू बोलत होता. वाडग्याचं दार आलं असणार. शब्द. मग गप्प. मग एक शब्द... मग गप्प. मला उठून पळावंसं वाटत होतं आणि उठवत नव्हतं. त्याच्या समोरच्या टेकाडावर चांदणं पडलं होतं आणि मी डोळे मिटून घेतले, कारण टेकाडाकडं बघू नये असं मला कुठूनतरी समजलं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. डोळे उघडले तेव्हा फटफटलं होतं. मल्हारी घोंगडीवर बसलेला. मान खाली. हलत नव्हता.

मी पळालो. या वेळी पाय गेले. देवऋषीचे शब्द डोक्यात, आणि तोंडानं नुसतं "मल्हारी, मल्हारी". रान ओलंचिंब. दहिवर असं पडलं होतं की माझी पँट गुडघ्यापर्यंत भिजली. जवळ गेलो, खांद्याला हात लावला.

त्यानं मान वर केली. डोळे लाल. आवाज पार बसलेला.

"ओरडतोस कशाला सर्ज्या? हाय मी." मग तांब्यातलं उरलेलं पाणी प्यायला. "पुरी झाली."

"मामा आले होते?"

"व्हय." त्यानं हसून डोळे पुसले. "पटलं त्यांना."

"वाघ आत होता का बाहेर?"

"फुकटात सांगू व्हय? म्होरं येऊन बस एकदा, लिंबाखाली लपून न्हाई." आणि त्यानं रानाकडं हात केला. "आता परत कुनी म्हनू दे, गोष्टीला मानूस येत न्हाई म्हनून. तोंड फोडीन."

त्यानंतर तो आठ वर्षं सांगत राहिला. समोर चार माणसं असली तरी शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असा आवाज लावून. आजारी पडून गेला, गेल्या वर्षी, स्वतःच्या खाटेवर. देवऋषी त्याच्या आधी गेला, ते सोडा.

पण त्यानं हात केला तिकडं मी बघितलं, ते सांगायचं राहिलं.

सगळं गवत दंवानं पांढरं झालेलं. मल्हारीच्या समोर, चार हातांवर, एक जागा कोरडी होती. माणूस मांडी घालून बसतो, तेवढी. मी म्हटलं, हे मामा. त्यांच्या शेजारी दुसरी कोरडी जागा. तिच्या शेजारी तिसरी. मागं दुसरी रांग. तिच्या मागं तिसरी. मधे वाट सोडलेली, एका बाजूला बायका, एका बाजूला बाप्ये बसावेत तशी. मी मोजायला लागलो. साठाच्या पुढं सोडून दिलं, कारण रांगा टेकाडावर चढत गेल्या होत्या.

आणि सगळ्यात पुढं, मामांच्याही पुढं, मल्हारीच्या घोंगडीला अगदी खेटून, एक रांग वेगळी होती. त्या जागा लहान होत्या. वीतभर, वीतभर. लेकरांच्या.

मी खाली वाकून एकीवर हात ठेवला.

ऊब होती.