तांबडीची पिलं

दोन हजार तेवीस साल, डिसेंबर महिना. भाताची झोडणी उरकली होती, पेंढा अंगणात रचून झाला होता. मंगळवारची रात्र, अमावस्या.

कासा-सायवन जीप चालवणारा चिमण तुम्हाला माहीत आहे. त्याच्याच घरची गोष्ट. उद्या त्याला विचारा. सांगणार नाही, पण विचारा.

त्या रात्री त्याने कासाच्या दवाखान्यातून एका बाळंतिणीला बाळासकट आणून सायवनला सोडलं. दारापर्यंत हात धरून नेलं. माणूस वाईट नाही. मग रिकामी जीप घेऊन घराकडे निघाला. उतारावरच्या मोरीपाशी एक तांबडी कुत्री रस्त्याच्या मधोमध उभी होती. त्याने हॉर्न वाजवला. हटेल असं वाटलं, म्हणून ब्रेक दाबला नाही. ती हटली नाही.

खाली उतरून त्याने तिला मागच्या पायाला धरून गटारात ओढलं. हाताला चिकट लागलं. रक्त असेल म्हणून मोबाईलच्या उजेडात बघितलं, तर दूध. सड तटतटले होते. आणि मोरीच्या नळातून चिवचिव ऐकू येत होती.

चिमणने हात पँटला पुसला आणि घरी आला.

पिलं? पिलं तिथेच. तुषार, मध्ये बोलू नकोस.

घरी त्याची आई, बायजी, जेवण वाढत होती. तिने नाक वर केलं. "हाताला कसला वास?"

त्याने सांगितलं. बायजीने वाढलेलं ताट उचलून फळीवर ठेवलं.

"पिलं आण. मग जेव."

"आये, कुत्री ती. गाय मेली असती तर गोष्ट वेगळी."

"पाजती होती ना? तू मारलीस. आता तिचं काम तुझ्या अंगावर. मी हात लावणार नाही."

चिमण शिव्या देत गेला आणि चार पिलं गोणपाटात घालून घेऊन आला. डोळे मिटलेले, अंग गार, उंदरासारखी. बायजी चुलीपाशी बसून सांगत होती, तो करत होता. आधी ऊब, मग दूध. गार पोटात दूध नासतं. शेळीचं दूध कोमट करायचं, कापसाची वात बुडवायची, पिलू पालथं धरायचं. उताणं धरलं तर दूध छातीत जातं. एवढं सगळं त्याने केलं.

"आता ओल्या चिंधीने त्यांचं खालून पूस," बायजी म्हणाली. "आई चाटते तसं. त्याशिवाय त्यांना होत नाही. तुंबून मरतील."

चिमण मागे सरकला. "कुत्र्यांची ढुंगणं पुसू? गावात कळलं तर माझ्या शेजारी सीटवर कोण बसेल?"

"तुझं पुसलं तेव्हा माझ्या शेजारी सगळे बसत होते," बायजी म्हणाली आणि झोपायला गेली.

चिमणने चिंधी भिजवली. पिळली. दोरीवर वाळत टाकली.

सकाळी आईने विचारलं, "पुसलंस?"

"पुसलं."

मग त्याने जीपचं पुढचं चाक धुतलं. तांबडीचं रक्त लागलं होतं. संध्याकाळी बघतो तर टायरच्या खाचांत रक्त परत ओलं. पुन्हा धुतलं. पुन्हा ओलं.

बुधवारी रात्री पिलं वात तोंडात घेईनात. पोटं फुगून टणक झाली होती. किंचाळून किंचाळून आवाज बसला होता. चिमण त्यांच्याकडे पाठ करून झोपला.

वासाने जाग आली. गटारात पडून फुगलेल्या जनावराचा वास. घशात बसणारा. चूल विझली होती. पिलांच्या टोपलीकडून आवाज येत होता.

चप... चप... चप...

कुत्रं शिरलं असेल म्हणून त्याने मोबाईलचा उजेड टाकला. दाराला कडी होती. टोपलीपाशी कोणी नव्हतं. तीन पिलं शांत पडली होती. मागून ओली. पोटं मऊ. गोणपाट भिजलेलं.

चौथं पिलू पालथं होतं. त्याचं शेपूट आपोआप वर उचललं गेलं. त्याच्या अंगावरचे केस एका बाजूला दबले. उठले. पुन्हा दबले.

चप... चप...

आणि दर चाटण्याबरोबर काहीतरी पांढरं गोणपाटावर पडत होतं. वळवळत होतं.

अळ्या.

चिमण पुढे वाकला. एक अळी पिलाच्या तोंडाकडे सरकत होती. त्याने ती चिमटीत धरली. चिरडली. बोटांवर ओलं आलं.

"पुरे," तो म्हणाला. "पुरे... मी करतो."

आवाज थांबला.

वास थांबला नाही. तो आता मागे होता. अगदी मागे. मानेवर गार श्वास...

चिमण वळला नाही. दोरीवरची चिंधी घेतली. भिजवली. पिलू उचललं, शेपूट वर केलं, हळू पुसलं. पिवळं पातळ त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत वाहिलं. त्याने ओठ दाबून धरले. पुन्हा पुसलं. पोट मऊ लागेपर्यंत.

कोपराला काहीतरी टेकलं. गार. ओलं. नाकाएवढं.

मग वास गेला.

बायजी अंथरुणात जागी होती. म्हणाली, "आज पुसलंस."

त्यानंतर चिमण दर पाजण्याला पुसायचा, दिवसा आणि रात्री. फेरीच्या मध्ये जीप थांबवून घरी यायचा. लोक हसायचे. सीटवर बसायचेही. पिलांचे डोळे उघडले, पाय फुटले. चाकावरचं रक्त मात्र रोज ओलं. तो रोज धुवायचा आणि कोणाला सांगायचा नाही.

जानेवारीत एका पहाटे चारही पिलं आपली आपण उंबरा उतरून अंगणात गेली. पेंढ्याच्या कडेला जाऊन बसली. आपलं आपण केलं.

चिमण हातात चिंधी घेऊन दारात उभा होता. चिंधीचं काम उरलं नव्हतं. त्याने जीपकडे बघितलं.

तीन चाकं लाल धुळीने माखलेली. पुढचं एक चाक काळं, स्वच्छ, ओलं. खाचाखाचांतून चाटून काढलेलं.