परुळेकरांचा पिवळा दिवा

शिशिर केंद्रावर जूनमध्ये दुपारी बारा वाजताही अंधार असतो. दक्षिण ध्रुवाकडच्या त्या बर्फावर मे महिन्यात सूर्य एकदा मावळला की जुलै संपेपर्यंत तोंड दाखवत नाही. केंद्रावरच्या बावीस माणसांचा दिवस घड्याळावर चालायचा आणि त्यांच्या हिमगाड्या दिव्यांवर.

शाल्मली केळशीकर तिथे आली होती ती या दिव्यांसाठीच. पुण्याच्या प्रयोगशाळेत तीन वर्षं खपून तिने एक दिवा तयार केला होता. तो केंद्राच्या दोन्ही हिमगाड्यांवर बसवायचा, चालवून पाहायचा आणि परत जायचं. पाच महिन्यांचं काम. घरी अडीच वर्षांची रेवा होती. रडेल म्हणून ती झोपेत असतानाच शाल्मली निघाली होती. सगळ्यांनी तसंच सुचवलं होतं. आता व्हिडिओवर आई दिसली की रेवा सोफ्यामागे जाऊन बसायची. शाल्मलीने दोन्ही हातांनी डोळे झाकले की मगच हळूच बाहेर यायची, आणि आई बोटांच्या फटीतून बघतेय असं दिसलं की पुन्हा आत.

पहिला दिवा बसवला त्या दिवशी केंद्रप्रमुख डॉ. तडवी गॅरेजमध्ये येऊन उभे राहिले. मूळचे रावेरचे, केळीच्या बागांतून उठून बर्फाचा अभ्यास करायला आलेले गृहस्थ.

"यात नवीन काय ते मला एकदा नीट सांगा," ते म्हणाले. "पडत्या बर्फात दिवा जितका प्रखर तितकं कमी दिसतं, हे तर इथे प्रत्येकाला माहीत आहे."

"कारण उजेड जवळच्या हिमकणांवर आपटून परत आपल्याच डोळ्यांत येतो. पांढरा पडदा तयार होतो." शाल्मलीने दिव्याची काच उघडली. "म्हटलं, कणांवर उजेड टाकायचाच कशाला?"

आत नखाएवढी सूक्ष्मदर्पणपट्टी होती. तिच्यावर हजारो आरसे, प्रत्येक आरसा उजेडाची एकेक काडी पुढे फेकणारा.

"दिव्यातून सतत अवरक्त प्रकाशही बाहेर पडतो. तो आपल्याला दिसत नाही, पण शेजारच्या या कॅमेऱ्याला दिसतो. कॅमेऱ्याला जिथे बारीक चमकता ठिपका दिसेल, तो हिमकण. लगेच त्या दिशेचा आरसा वळतो आणि उजेडाची तेवढी काडी विझते. कण सरकला की पुन्हा पेटते. सेकंदाला दोन हजार वेळा."

"म्हणजे कणांना चुकवत उजेड पुढे जातो."

"हो. कण अंधारातच राहतात, त्यामुळे दिसत नाहीत. मागचं सगळं दिसतं."

"आणि गो बाय, गाडीचा हा जुना पिवळा दिवा काढायलाच हवा काय?" गाडीखालून आवाज आला. पाठोपाठ ग्रीसने माखलेले दत्ताराम परुळेकर बाहेर आले. केंद्राचे मेकॅनिक. मालवणात मच्छीमारांच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती.

"काढायलाच हवा, काका. त्याच्या उजेडाने कॅमेरा भुलतो. जुना लावला तर नवा आंधळा होतो."

"नाय, समुद्रात दिवा दोन कामं करतो. एक, आपल्याला बघायला. दुसरं, आपण दुसऱ्याला दिसायला. तुझा हा दुसरं करतो ना?"

"दोन किलोमीटरवरून दिसेल एवढा प्रखर आहे."

"मग झालं तर. तू शिकलेली. मी आपलं विचारलं."

ती खोटं बोलत नव्हती. तिने मोजलं होतं, तेही स्वतः बर्फात दोन किलोमीटर चालत जाऊन. शाल्मलीच्या स्वभावातच होतं ते. रेवाच्या पाळण्याचे स्क्रू ती दर रविवारी तपासायची. पुण्यात तिने पंख्यापुढे थर्माकोलचे दाणे उडवून दिवा तपासला, काचेवर बर्फ साचवून तपासला, त्याच्यावर हातमोजा पडला तर काय होईल तेही पाहिलं. फक्त पुण्यात दिवा एकच होता. आणि इथे गाड्या दोन असल्या, तरी नियमाने त्या कायम एकीमागे एक जात.

एका सकाळी मात्र दुसरी गाडी तिच्या टेबलापाशी उघडून पडली होती. नऊ किलोमीटरवरच्या हवामान मनोऱ्याची बॅटरी बदलायची होती. परुळेकर नऊच्या सुमाराला कानटोपी बांधत आले.

"मी एकटाच जाऊन येतो. बारापर्यंत परत. हवा कशी वाटते बघ गो जरा."

शाल्मलीने दाराच्या काचेतून पाहिलं. त्यांच्या गाडीचा दिवा चालू होता. उजेडात वाटेवरचे लाल खांब शेवटपर्यंत स्वच्छ मोजता येत होते.

"निवळलंय की, काका. सगळे खांब दिसताहेत."

तासाभराने तडवी चहाचा मग घेऊन आत आले. "वारा ताशी पन्नास किलोमीटरवर गेलाय. परुळेकर कुठे आहेत?"

शाल्मलीने खिळ्यावरची साधी विजेरी उचलली आणि दाराबाहेर धरली. समोर पांढरी भिंत उभी होती. हात लांब केला तर बोटं दिसत नव्हती. सकाळीही बहुधा असंच होतं. तिच्या दिव्याने वादळ फक्त डोळ्यांपुढून पुसलं होतं.

"एकट्याला कोणी सोडलं?" तडवींनी विचारलं.

"मी. मला वाटलं, हवा..."

"दिवा बघून वाटलं." ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

दहा वीसला बिनतारीवर परुळेकरांचा आवाज आला. मनोऱ्याच्या उत्तरेला गाडीची पुढची स्की मोडली होती. "इंजिन आणि दिवा चालू ठेवतो. तोंड तुमच्याकडेच आहे. उजेड दिसेलच तुम्हाला." एवढंच आलं. थंडीने बिनतारीची बॅटरी बसली, आणि जागा सांगणारं यंत्र त्याच बॅटरीवर होतं.

शाल्मलीने मनात हिशेब केला. परुळेकरांच्या टाकीतल्या इंधनावर इंजिन एक वाजेपर्यंत चालेल. ते बंद पडलं की उजेड जाईल आणि हातांना मिळणारी ऊबही. उणे अडतीस अंशांत त्यानंतर फार वेळ राहत नाही.

दुसरी गाडी जोडायला सव्वा तास लागला. शाल्मली चालवत होती, मागे नकाशा धरून तडवी. मनोरा सापडला. उत्तरेकडचा उतार दिव्यात आरशासारखा लख्ख दिसत होता, बर्फाच्या प्रत्येक लाटेसह, आणि पूर्ण रिकामा होता. त्यांनी तो एकदा पालथा घातला, पुन्हा एकदा घातला. हाका वाऱ्याने तोंडातच कोंबल्या.

"एवढा प्रखर दिवा," तडवी कानाशी ओरडले. "इथे असता तर दिसला नसता का?"

साडेबारा झाले होते. आपलाच दिवा बिघडलाय की काय म्हणून शाल्मलीने चाचणीचा छोटा पडदा उघडला. चालवताना तो झाकलेला असे. दिवा ज्या कणांना चुकवतो, त्यांचे ठिपके त्यावर दिसत. हजारो ठिपके उजवीकडून डावीकडे वाहत होते.

एक ठिपका वाहत नव्हता.

काचेवर काही चिकटलं असेल म्हणून तिने उतरून काच पुसली. ठिपका तसाच. हँडल थोडं उजवीकडे वळवलं, तर तो पडद्यावर तेवढाच डावीकडे सरकून पुन्हा स्थिर झाला. म्हणजे तो काचेवर नव्हता, बाहेर होता. पन्नासच्या वाऱ्यात एका जागी थांबलेला हिमकण.

बारीक, चमकता, अवरक्तात दिसणारा ठिपका. तिचा दिवा इमानाने त्याच्यावरचा, आणि एवढ्या लांबून त्या एका काडीत मावणाऱ्या अख्ख्या गाडीवरचा, उजेड विझवत होता. आणि पलीकडच्या परुळेकरांच्या दिव्यालाही इकडचा तिचा दिवा तसाच ठिपका दिसत असणार. तोही तिच्या दिशेची काडी विझवत असणार. दोन दिवे समोरासमोर, आणि दोघांमध्ये काळोख.

सोफ्यामागे बसलेली रेवा तिला आठवली. ती आई बघत असेपर्यंत बाहेर यायची नाही.

शाल्मलीने आपला दिवा बंद केला.

"काय करताय?" तडवींनी तिचा खांदा धरला. डोळ्यांसमोर काहीच उरलं नाही, वाराही जणू वाढला. तिने मनात एक म्हटलं, दोन म्हटलं.

डावीकडे, तीनशे पावलांवर, पांढराशुभ्र उजेड उभा होता.

परुळेकर गाडीच्या आडोशाला इंजिनला पाठ लावून बसले होते. पापण्यांवर बर्फ, डाव्या हाताची दोन बोटं मेणासारखी. शुद्धीवर होते. तडवींनी त्यांचा हात आपल्या कोटात घेतला.

"उशीर केलात गो," परुळेकर म्हणाले. ओठ धड हलत नव्हते. "मी सारखा बघत होतो. एकपण उजेड दिसला नाय."

"आम्ही दोनदा समोरून गेलो, काका." शाल्मली त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसली. "माझ्या दिव्याला तुम्ही हिमकण वाटलात. तुमच्या दिव्याला मी. चूक माझी आहे. सकाळची पण माझीच."

परुळेकरांनी उजव्या हाताने सीटखालची हत्यारांची पेटी दाखवली. "मोजे असतील बघ त्यात, जाड."

तिने पेटी उघडली. मोज्यात काहीतरी जड गुंडाळलेलं होतं. तिने ते बाहेर काढलं. जुना पिवळा दिवा, वायरींसकट.

"हा तुमच्याकडेच होता?"

"टाकवला नाय. बोटीची सवय."

शाल्मलीने तो हातात धरला. हा साधा दिवा कोणाला चुकवत नव्हता. तिच्या दिव्याने इकडचा उजेड विझवला असता, तरी याचा पिवळा उजेड तिच्या डोळ्यांपर्यंत आलाच असता. पहिल्याच फेरीत. अकरा पन्नासला, बोटं गोठण्याआधी.

"मग लावला का नाहीत, काका?"

"लावणार होतो. वायर सोलून ठेवली होती." त्यांनी तिच्याकडे पाहिलं, समजूत घातल्यासारखं. "पण तू म्हणाली होतीस ना, जुना लावला तर नवा आंधळा होतो. म्हटलं, उगाच माझ्यापायी तुमचा दिवा आंधळा व्हायचा, तुम्हाला वाट दिसायची नाय."

तडवींनी मान दुसरीकडे वळवली.

तिने मोजा उलटसुलट करून झटकला आणि परुळेकरांच्या हातावर चढवला. मग दातांनी स्वतःचा हातमोजा ओढून काढला आणि सोललेल्या वायरी आपल्या गाडीला जोडल्या. तडवींनी परुळेकरांना दोघांच्या मध्ये बसवलं. नवा दिवा तिने लावला नाही.

पिवळ्या उजेडात पुढचा खांबही दिसेना. दिसत होता तो फक्त बर्फ, कण न् कण, अंगावर येणारा. शाल्मली त्याच्याकडे बघत, माणूस चालेल एवढ्याच वेगाने, गाडी नेत राहिली.